काजव्यांच्या शनिवारी तंबूची पावती

पहाटे पाच

काजव्यांच्या हंगामात दिवस पाण्यापासून सुरू होतो. आमची वाडी भंडारदरा धरणाच्या काठावर, तरी मेच्या अखेरीस हापशाला हंडे लागतात. विल्सन धरण 1926 साली पुरं झालं आणि प्रवरेचं पाणी खाली संगमनेर-श्रीरामपूरकडच्या शेतांना गेलं. काठावरच्या वाड्यांचा उन्हाळा कोरडा तो कोरडाच. आज शनिवार. तीन खोल्या आणि आठ तंबू, सगळं भरलेलं. टँकर सांगून ठेवलाय. घरच्यापुरतं मात्र हापशावरूनच आणायचं, कारण आत्याबाईंना टँकरचं पाणी चालत नाही.

साडेसहा

बचत गटाच्या बायकांबरोबर ओढ्याकडच्या बेहड्याखाली गेले. काल शुक्रवारचीच गर्दी, तरी हे हाल. पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं, कुणी तरी इथेच केक कापलेला, त्याचा पुठ्ठा. कचरा उचलता येतो, तुडवलेल्या गवताला काय करणार? झाडावर लुकलुकतात ते बहुतेक नर. माद्या खाली गवतात, झुडपांत बसून त्यांना उत्तर देतात. अळी महिनोन् महिने मातीत गोगलगायी खाऊन वाढते आणि पंख फुटल्यावर तिला जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात. चांगला फोटो मिळावा म्हणून कुणी झाडाच्या बुंध्यापर्यंत जातो, तेव्हा पुढच्या वर्षीचे काजवे त्याच्या बुटाखाली जातात. हे मी प्रत्येक पाहुण्याला जेवणाआधी सांगते. ऐकतातही. पण रस्त्यावर गाडी लावून परस्पर आत शिरणाऱ्याला कोण सांगणार? त्यासाठी झाडाजवळ माणूस उभा पाहिजे आणि त्या माणसाला रोजंदारी मिळायला पाहिजे.

नऊ

पोहे, चहा, कालच्या पाहुण्यांची निघायची घाई. ते गेल्यावर हिशेबाची वही काढली.

आमचं बरंचसं बुकिंग एका कंपनीच्या मोबाइल ॲपवरून येतं. ती कंपनी कमिशन कापते. आमच्यासारख्या नोंदणी नसलेल्या छोट्या जागेचा जीएसटी कायद्याप्रमाणे बुकिंग करणाऱ्या कंपनीनेच भरायचा असतो. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर तो सप्टेंबर 2025 पासून 12 टक्क्यांचा 5 टक्के झाला. म्हणजे कंपनीला वाटा, केंद्राला वाटा, राज्याला वाटा. पर्यटक अभयारण्याच्या नाक्यावर माणशी आणि गाडीमागे पावती फाडतो. त्यातून ग्राम परिस्थितीकीय विकास समितीचं काम चालतं. हॉटेलच्या इमारतीला घरपट्टी आहे, माझ्या तीन खोल्यांनाही आहे. तंबू हंगामाला उभा राहतो आणि पावसाला गुंडाळला जातो, म्हणून त्याला काहीच नाही. सर्वांत जास्त माणसं मात्र तंबूतच झोपतात. ज्या रस्त्यावरून, ज्या कचराकुंडीवर, ज्या झाडांच्या जिवावर आमचा धंदा चालतो, त्यांच्यासाठी आम्ही तंबूवाले ठरवून एक रुपयाही देत नाही.

म्हणून अर्ज लिहायला घेतलाय. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत मांडायचा: भरलेल्या प्रत्येक तंबूमागे आणि खोलीमागे दर रात्री 50 रुपये पर्यटन कर, मालकाने भरायचा.

अकरा

शनिवारचं ग्रामपंचायत कार्यालय बंद, पण घरकुलाच्या यादीसाठी ग्रामपंचायतीचे भाऊसाहेब येऊन बसले होते. अर्जाचा कच्चा कागद त्यांच्यापुढे ठेवला. दोनदा वाचला त्यांनी.

"ताई, कर म्हणू नका. करासाठी ग्रामपंचायत कायद्याचं कलम 124 बघावं लागतं. त्यात घरपट्टी आहे, यात्रेकरूंवरचा कर आहे, जत्रा-करमणुकीवरचा आहे. तंबू कशात बसवायचा यावर वाद होईल, हरकती येतील."

"मग काय म्हणू?"

"आधी ग्रामसभेच्या ठरावाने वर्गणी करा. वही ठेवा, पावती द्या, खर्च फलकावर लावा. एक हंगाम नीट चालला, की कराचा प्रस्ताव करायला माझ्या हातात काहीतरी येईल."

मला हे पटलं. अकोले तालुक्याचा हा भाग पेसा कायद्याखाली येतो, त्यामुळे ग्रामसभेच्या शब्दाला इथे वजन आहे. माथेरान, महाबळेश्वरला नगरपालिका प्रवासी कर घेतात, पण तो येणाऱ्याकडून, वेशीवर. मला हवं आहे ते राहण्याच्या रात्रीवर आणि आमच्याकडून. गेल्या वर्षी फ्रान्समध्ये राहणारं पुण्याचं एक कुटुंब उतरलं होतं. त्यांनी सांगितलं, तिकडे मुक्कामावर रात्रीच्या हिशेबाने कर असतो. मग मी माहिती काढली. तो 1910 पासून आहे, घरातली खोली भाड्याने देणाऱ्यालाही लागू आहे, आणि तो पैसा गावाने पर्यटनाच्याच कामाला लावायचा असतो. ही शेवटची अट मी अर्जात सगळ्यात वर घेतली.

दोन

स्वयंपाक. पिठलं, ठेचा, गावरान कोंबडी, तांदळाच्या भाकऱ्या, इंद्रायणीचा भात. यात दुसरं काही सुचत नाही आणि सुचूही नये.

चार

भाऊजी आले. शेजारच्या पट्टीत त्यांचे अकरा तंबू. अर्जाची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती.

"वहिनी, नाक्यावर पर्यटक देतोच की. पुन्हा आपण कशाला?"

"तो देतो जंगलात जायचं. आपण कमावतो त्याचं काय?"

"बाहेरचे येतात, जमीन भाड्याने घेऊन चाळीस-चाळीस तंबू ठोकतात, सोमवारी निघून जातात. आधी त्यांच्याकडून घ्या."

हे खरं आहे, आणि म्हणूनच शुल्क तंबूवर पाहिजे. माणसाच्या ओळखीवर वर्गणी ठेवली, तर बाहेरचा सुटतो आणि गावातला सापडतो. चाळीसवाल्याने चाळीसांचे द्यावेत, अकरावाल्याने अकरांचे. बाहेरच्याला जमीन भाड्याने देणाऱ्या गाववाल्याने करारातच ही अट घालावी, असंही मी लिहिलंय.

"आणि रिकामे राहिले तर?"

"रिकाम्याचे नाहीत."

"पैसे जाणार कुठे?"

खरा प्रश्न हाच. आमच्या पट्ट्यात दीडशे तंबू भरले असं धरलं, तर एका रात्रीचे साडेसात हजार होतात. चार आठवड्यांतल्या शुक्रवार-शनिवारचे साठ हजार. त्यातून झाडांजवळ उभी राहणारी पोरं, फिरती स्वच्छतागृहं, गाड्या लावायला मोकळं रान. उरेल ते प्रसिद्धीला, आणि इथे माझं मत ठाम आहे. काजव्यांची आणखी जाहिरात करायची नाही. ती मोबाइलवरच्या व्हिडिओंनी नको तेवढी केलीय. गावाने सांगायचं ते उरलेल्या वर्षाचं. पावसाळा सरताना सोनकीने पिवळा झालेला रतनगड, रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ, 1646 मीटरचं कळसूबाई, भातकापणीचे दिवस. चार आठवड्यांत चेंगरणारी माणसं वर्षभरात विखुरली, तर मलाही आठवड्याच्या मधल्या वारी पाहुणा मिळेल.

भाऊजींनी चहा घेतला. सही केली नाही.

सात

घोटीकडून बारीमार्गे गाड्यांची रांग लागली. शेंडीत वाहनं हलेनात. पाहुण्यांचा फोन: रेंज नाही, वाट कुठली. आमचा पोरगा दुचाकीवर जाऊन एकेकाला घेऊन येतो.

साडेआठ

जेवणं उरकून पाहुण्यांना घेऊन निघाले. टॉर्चला लाल कागद, फोन खिशात, पायवाट सोडायची नाही. सादड्याचं मोठं झाड एकदम उजळलं, विझलं, पुन्हा उजळलं. एक लहान मुलगी आईला हळूच म्हणाली, "हे कुणी लावले?" तेवढ्यात रस्त्यावर एका गाडीचे मोठे दिवे थेट झाडावर आले आणि अर्ध्या फांद्या अंधारल्या. पळत जाऊन काचेवर टकटक केली. त्याने लगेच दिवे मालवले, माफीही मागितली. दर वळणावर एक माणूस असता, तर हे आधीच झालं असतं.

साडेअकरा

वहीत दोन नवे रकाने आखले: भरलेले तंबू, बाजूला ठेवलेली रक्कम. ठराव होईपर्यंत थांबायचं कशाला? आजच्या आठ तंबूंचे आणि तीन खोल्यांचे साडेपाचशे वेगळ्या डब्यात टाकले. हे म्हणाले, "दुसरे देतील का?" काही देतील. हंगाम संपेपर्यंत माझ्या वहीत रक्कम दिसेल आणि ग्रामसभेत तीच वही उघडून दाखवता येईल.

झोपायच्या आधी भाऊजींचा निरोप आला: आज अकरापैकी नऊ भरले, वहीचा नमुना पाठवा. रकान्यांचा फोटो काढून पाठवला. सोमवारी सकाळी अर्ज घेऊन पुन्हा त्यांच्याकडे जाईन. तिथून पुढे चाळीस तंबूवाल्याला जमीन देणाऱ्यांच्या घरी.