वाट पाहणाऱ्यांच्या भिंती

मंडळी, प्रदर्शनाला आपण स्वखुशीनं जातो. पण दिंडोरीच्या एसटी स्टँडवर वणीच्या गाडीची वाट बघणारा माणूस, किंवा दवाखान्यात नंबर लावून बसलेली बाई, यांना समोरची भिंत निवडता येत नाही.

रॉजर उल्रिच यांनी १९८४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात एक अभ्यास मांडला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ४६ रुग्ण. निम्म्यांना खिडकीतून झाडं दिसायची, निम्म्यांना विटांची भिंत. झाडं दिसणारे लवकर घरी गेले, तीव्र वेदनाशामकंही त्यांना कमी लागली. चित्र म्हणजे झाड नव्हे, कबूल. पण समोर काय दिसतं याचा शरीराशी संबंध असतो, एवढं तर त्यातून कळतं ना?

आपल्याकडे भिंत रंगवायची म्हटलं की वारली! हरकत नाही. मात्र हा चौक मुळात लग्नघरात सुवासिनी तांदळाच्या पिठानं काढत. सत्तरच्या दशकात जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर आणली. आता कंत्राटदाराचा पेंटर साचा लावून तारप्याचा गोल उमटवतो आणि बिल काढतो. त्यापेक्षा काम वारली चित्रकारालाच द्यावं, योग्य मोबदला द्यावा, भिंतीवर त्याचं नाव लिहावं.

आणि हो, स्ट्रेचरवरच्या माणसाला भिंत दिसतच नाही. त्याला दिसतं छत. तिथं मात्र कुणी काही काढत नाही.