कॅलिपरच्या पिनांना कोणते ग्रीस लावावे?

पावसाळा सरल्यावर माझ्या मोटारसायकलचा पुढील ब्रेक सोडूनही चाक जखडलेलेच राहू लागले, म्हणून कॅलिपर उघडला, तेव्हा ज्या पिनांवर तो विनासायास सरकावयास हवा त्यांचे रबरी बूट फुगून घट्ट बसलेले आढळले. तेथे मी पूर्वी बेअरिंगचेच ग्रीस सढळ हाताने भरले होते.

असे खनिज तेलापासून केलेले ग्रीस ब्रेकमधील ईपीडीएम जातीच्या रबरात शिरून त्यास फुगविते. सबब पिनांना सिलिकोन ग्रीसच, आणि तेही पातळ थराने, लावावे.

मागील ड्रम ब्रेकच्या कॅमला उच्च तापमानास टिकणारे ग्रीस किंचित पुरते. मात्र लायनिंग, पॅड वा डिस्क यांस कोणत्याही ग्रीसचा स्पर्शदेखील होता कामा नये.