फायबर आलं म्हणजे टीव्ही इंटरनेटवर आला का?

कनेरगाव नाक्याला मराठवाडा संपतो आणि वाशिमच्या बाजूला विदर्भ लागतो. अशा गावांत केबलची जाडी काळी वायर निघून बारीक फायबर आलं की घरोघर एकच वाक्य ऐकू येतं: "आता आपला टीव्ही इंटरनेटवर." यातलं फायबर खरं. इंटरनेटचं मात्र तपासून घ्यावं लागतं.

तपासायला फार काही लागत नाही. फायबर ज्या डब्यात शिरतं, त्याची मागची बाजू पाहा. तिथे आटे असलेलं गोल पितळी तोंड असेल आणि त्यातून निघालेली वायर सेटटॉप बॉक्सला जात असेल, तर तुम्ही पाहताय ती केबलच. एकाच काचेच्या तंतूतून प्रकाशाच्या वेगवेगळ्या लहरी धावतात: 1550 नॅनोमीटरवर टीव्ही, 1490 वर घरात येणारं इंटरनेट, 1310 वर घरातून जाणारं. रस्ता एक, गाड्या वेगळ्या. म्हणून अशा घरात इंटरनेटचा पॅक संपला तरी मालिका चालू राहते. या लहरी डोळ्यांना दिसत नाहीत, पण इजा करू शकतात. तुटलेल्या फायबरच्या टोकात डोकावू नका, मुलांनाही डोकावू देऊ नका.

मग खरा इंटरनेटवरचा टीव्ही, म्हणजे आयपीटीव्ही, कुठला? केबल पंगतीसारखी असते. सगळे चॅनेल एकदम वाढलेले, आपला बॉक्स त्यातला एक उचलतो. टेलिफोन कंपनीला हे जमण्यासारखं नव्हतं, कारण तिची तांब्याची जोडी बोलण्यासाठी टाकलेली. तिने मागेल तेवढंच वाढायचं ठरवलं. रिमोट दाबला की मागणी कंपनीकडे जाते आणि तो एकच चॅनेल घरी येतो. एमटीएनएलने 2006 मध्ये मुंबईत हाच मार्ग धरला होता.

"सगळं गाव एका वेळी बघायला बसलं की नेट बसेल," ही भीती इथेच फिटते. आयपीटीव्हीत एक चॅनेल पाटाच्या पाण्यासारखा येतो: पाट एकच, बारं फोडलं तिथे पाणी वेगळं होतं. पन्नास घरं एकच मालिका बघत असली तरी गावापर्यंत ती एकदाच येते. मोबाइलवरच्या अ‍ॅपचं तसं नाही. तिथे प्रत्येक बघणाऱ्यासाठी वेगळा प्रवाह लागतो. डेटाचंही तेच. बीएसएनएलने 2024 मध्ये फायबरवर टीव्ही आणला, तेव्हा तो ग्राहकाच्या डेटा पॅकमधून कापला जाणार नाही असं जाहीर केलं. अ‍ॅपवर पाहिलेलं मात्र डेटातूनच जातं.

"इंटरनेटवर आलं, म्हणजे चॅनेलचे पैसे सुटले," हा समज सर्वांत महाग पडतो. दूरसंचार नियामक ट्रायचे 2017 चे दरनियम 2019 पासून लागू झाले. ते केबल, डीटीएच आणि आयपीटीव्ही तिघांनाही बांधतात. सशुल्क चॅनेल कुठल्याही वाटेने आला तरी त्याचे पैसे द्यावेच लागतात. ज्यांना महिन्याचा खर्च नकोच, त्यांच्यासाठी डीडी फ्री डिश आहे: छत्री आणि बॉक्स एकदा घ्यायचा, पुढे रिचार्ज नाही.

केबलवाला आणि फोन कंपनी एकमेकांचे वैरी, हेही आता जुनं झालं. रिलायन्सने डेन आणि हॅथवे या केबल कंपन्यांमध्ये मोठा हिस्सा घेण्याचं 2018 मध्येच जाहीर केलं, आणि बीएसएनएलचं फायबर अनेक गावांत स्थानिक केबलवालेच घरी जोडून देतात.

जोरदार पावसात छत्रीचं चित्र जातं, फायबरचं पावसाने जात नाही. पण वीज गेली की डबा बंद. डब्यावर लाल दिवा लुकलुकत असेल तर प्रकाश घरापर्यंत पोचतच नाही, तेव्हा टीव्ही बदलून उपयोग नाही, लाइनमनला बोलवा.

नवी जोडणी घेताना केबलवाल्याला दोनच गोष्टी विचारा: टीव्ही केबलचा की आयपीटीव्हीचा, आणि टीव्हीचे किती, इंटरनेटचे किती. उत्तर तोंडी नको, पावतीवर लिहून घ्या.