महापालिकेची खरेदी आणि हिंगण्याचा छोटा कारखानदार

हा आपल्या ताज्या भागाचा लिखित मजकूर, बोलण्यातले अडखळे काढून थोडा नीट केलेला. आजचा विषय ऐकायला कोरडा आहे, पण पैसा तुमचा-आमचा आहे. नागपूर महापालिका एखादी मशीन विकत घेते, तेव्हा आपल्याच गावच्या छोट्या उद्योजकाला त्यात जागा कुठे मिळते, आणि कुठे तो बाहेर पडतो?

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. राज्याच्या ई-निविदा पोर्टलवर निविदा वाचायचा मला छंदच लागलाय. कारण निविदा म्हणजे शेवटी अटींची यादी. एक अट चुकली की पुढचा कोड चालतच नाही. ‘स्थानिक उद्योगांना प्रोत्साहन’ हे भाषणात असतं, पण प्रोत्साहन मिळतं की नाही हे पात्रतेच्या पानावर ठरतं. आणि बिल निघतं त्या दिवशी.

आधी रस्ता समजून घेऊ

विभाग आपली गरज कळवतो, अंदाजपत्रक बनतं, निविदा निघते. आधी तांत्रिक लिफाफा उघडतो, मग दराचा. पात्र ठरलेल्यांत ज्याचा दर सर्वात कमी तो ‘एल-वन’, काम त्याला. ठरावीक रकमेच्या वरच्या करारांना स्थायी समितीची मंजुरी लागते. मार्च २०२२ मध्ये आपल्या सभागृहाची मुदत संपली, तेव्हा हे अधिकार प्रशासकाकडे, म्हणजे आयुक्तांकडेच गेले. शिवाय केंद्राचं ‘जेम’ पोर्टल २०१६ पासून आहे. तिथे तयार वस्तू ऑनलाइन घेता येतात.

आता एक उदाहरण

समजा, डेंग्यूच्या दिवसांसाठी ४० फॉगिंग मशीन घ्यायच्या आहेत. हिशोबापुरता एकीचा दर ५० हजार धरा. एकूण २० लाख. हिंगणा एमआयडीसीतला एक छोटा कारखानदार अशी मशीन बनवू शकतो. आता अटी बघा.

बयाणा रक्कम २ टक्के धरली तर ४० हजार आधीच अडकले. काम मिळालं की सुरक्षा ठेव ५ टक्के, म्हणजे १ लाख. ‘मागच्या तीन वर्षांत इतकी उलाढाल’ आणि ‘असाच पुरवठा सरकारी कार्यालयाला केल्याचा दाखला’ अशाही अटी असतात. पहिलं सरकारी काम मिळवायला आधी सरकारी काम केलेलं असावं लागतं! आमच्याकडे फ्रेशरच्या नोकरीला दोन वर्षांचा अनुभव मागतात ना, तसंच.

तरी समजा, गडी पात्र ठरला. १८ लाख खर्च, २ लाख नफा. ते १८ लाख त्याने बँकेकडून १२ टक्क्यांनी उचलले. महिन्याचं व्याज १८ हजार. बिल ४५ दिवसांत मिळालं तर २७ हजार व्याज जाऊन १ लाख ७३ हजार हातात उरतात. तेच बिल ८ महिन्यांनी निघालं तर १ लाख ४४ हजार व्याजातच गेले. उरले ५६ हजार! त्यात कामगार, हमीच्या काळातली दुरुस्ती, लेखा विभागात मारलेल्या चकरा.

पुढच्या वेळी हा माणूस एकतर येतच नाही, नाहीतर आठ महिन्यांचं व्याज दरात घालूनच येतो. म्हणजे उशिराचा भुर्दंड फिरून आपल्याच मालमत्ता करातून जातो, राजेहो.

मग कायदा काय म्हणतो?

कायदा आहे, आणि कडक आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. बँक रेट ६ असेल तर १८ टक्के! तक्रारीसाठी फॅसिलिटेशन कौन्सिल आहे, आणि २०१७ मध्ये ‘समाधान’ पोर्टलही सुरू झालं.

एक मेख मात्र आहे. सीताबर्डीचा व्यापारी दुसऱ्याची मशीन आणून विकतो. २०२१ पासून त्याला उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. हे ४५ दिवसांचं संरक्षण त्याला नाही.

दुसरा नियम २०१२ च्या केंद्रीय खरेदी धोरणाचा. वर्षाच्या खरेदीपैकी २५ टक्के सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायची. त्यांचा दर एल-वनपेक्षा १५ टक्क्यांपर्यंत जास्त असला, तरी एल-वनच्या दराला यायची संधी द्यायची. बयाणा रक्कम माफ. पण हे केंद्रीय खाती आणि कंपन्यांना लागू आहे. सिव्हिल लाइन्समध्ये मुख्यालय असलेल्या वेकोलिला हे बंधन आहे, महापालिकेला नाही.

तर मग ‘आपल्या गावचाच माणूस घ्या’ एवढं पुरे का?

अजिबात नाही. डिसेंबर २०२१ मध्ये महापालिकेतलं स्टेशनरी प्रकरण गाजलं, आठवतं? माल न येताच सुमारे ६७ लाखांची बिलं निघाल्याचा आरोप होता. पोलिसांत गुन्हा दाखल झाला, अटका झाल्या. पुरवठादार जवळचा आहे म्हणून व्यवहार स्वच्छ राहतो असं नाही.

माझ्या मते दोन्ही दुखण्यांवर औषध एकच आहे: तारखेसह माल मिळाल्याची नोंद. मशीनचा अनुक्रमांक, कोणत्या झोनला गेली, कोणी तपासली, कधी. नोंद नाही तर बिल नाही. आणि नोंद झाली की ४५ दिवसांचं घड्याळ सुरू. चोराला अडवणारी आणि प्रामाणिक माणसाला पैसे मिळवून देणारी ही एकच ओळ आहे. यासाठी एआय-बिआय काही लागत नाही, साधा डेटाबेस पुरतो.

बाकी दोन गोष्टी. एक, शक्य तिथे ऑर्डरचे तुकडे करा. आपले झोन १० आहेत. ४० मशीनची एक निविदा काढण्याऐवजी एकाच निविदेत चार-चार मशीनचे १० गट ठेवले, तर छोट्यालाही बोली लावता येते. मात्र हे उघडपणे व्हावं. मर्यादेखाली राहण्यासाठी गुपचूप पाडलेले तुकडे हा गैरप्रकारच. दोन, नव्यांसाठी छोटी चाचणी ऑर्डर. राज्याच्या स्टार्टअप सप्ताहात निवडलेल्या स्टार्टअपना कार्यादेश देतात. सरकारच पहिलं गिऱ्हाईक होतं, आणि तो अनुभवाचा दाखला पुढे कामी येतो.

तुम्ही काय करू शकता?

पुरवठादार असाल तर उद्यम क्रमांक बिलावर छापा आणि पोच घेताना तारीख मागाच. माल दिल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर दिला तोच दिवस स्वीकृतीचा धरला जातो.

नागरिक असाल तर १० रुपयांचा माहिती अधिकार अर्ज करा. एखादी खरेदी निवडा आणि तीनच तारखा मागा: कार्यादेश कधी, माल कधी, पैसे कधी. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. शेवटच्या दोन तारखांमधलं अंतर मोजा. आपलं शहर छोट्या उद्योगाला किती जपतं, ते त्या आकड्यात दिसेल.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि कुलरच्या टाकीतलं पाणी बदला!