चौकट : डब्ल्यूटीए फायनल्स म्हणजे काय?

- स्वरूप : महिला व्यावसायिक टेनिस हंगामाच्या अखेरची स्पर्धा. एकेरीत मुख्यतः वर्षभरातील गुणांवर पात्र ठरलेल्या केवळ 8 खेळाडू.
- सुरुवात : 1972, बोका रेटन (फ्लोरिडा). पहिली विजेती ख्रिस एव्हर्ट.
- पद्धत : चौघींचे 2 गट. प्रत्येकीचे 3 साखळी सामने. दोन्ही गटांतून पहिल्या दोघी उपांत्य फेरीत.
- ग्रँड स्लॅमहून वेगळे : तिथे मुख्य फेरीत 128 खेळाडू आणि एका पराभवात गाशा गुंडाळावा लागतो. इथे साखळीत हरूनही विजेतेपद शक्य.
- पाच सेट : 1984 ते 1998 दरम्यान अंतिम सामना सर्वोत्तम पाच सेटचा. आता तीन.
- विक्रम : मार्टिना नवरातिलोवा, एकेरीची 8 विजेतेपदे.
- पुणे : 2012 मध्ये येथील डब्ल्यूटीए 125 स्पर्धा एलिना स्वितोलिनाने जिंकली. 2018 मध्ये सिंगापूरला ती फायनल्सची विजेती.
- मुंबई : 2017 च्या मुंबई ओपनची विजेती अरिना सबालेन्का. 2022 व 2025 मध्ये फायनल्सची उपविजेती.
- दुहेरी : मुंबईत जन्मलेली सानिया मिर्झा 2014 मध्ये कारा ब्लॅकसह, 2015 मध्ये मार्टिना हिंगिससह विजेती.