क्लच सुटत नाही? इंजिन खोलण्यापूर्वी वायर पाहा

सकाळी पावाचे क्रेट किंवा कापडाचा गठ्ठा मागे बांधून व्यापारी बाजाराकडे निघतो. सिग्नलला थांबताना क्लच पूर्ण दाबलेला असतो, तरी गाडी पुढे ओढत राहते. ब्रेक मारला की इंजिन बंद पडते. न्यूट्रल सापडत नाही आणि पहिला गिअर टाकताच खट्ट आवाज होऊन गाडी झेप घेते. यालाच गॅरेजमध्ये 'क्लच सुटत नाही' असे म्हणतात. गर्दीत अशी गाडी पुढच्या माणसाच्या पायावर जायला वेळ लागत नाही. तेव्हा हा दोष 'उद्या पाहू' म्हणून टाळण्यासारखा नाही.

अशी गाडी गॅरेजमध्ये आली की पुष्कळदा एकच उत्तर मिळते, "प्लेटा गेल्या, इंजिन खोलावे लागेल." प्लेटा बदलल्या जातात, गिऱ्हाइकाचे पैसे जातात, दिवसाची रोजी बुडते आणि गाडी पुन्हा तशीच ओढू लागते. असा गिऱ्हाईक त्या दुकानाची पायरी पुन्हा चढत नाही. म्हणून तपासाचा क्रम आम्ही येथे देत आहोत. तो कारागिरांना उपयोगी पडेल, तसाच गाडी दुरुस्तीला देणाऱ्या व्यापाऱ्यांनाही.

दोन दोषांची गल्लत करू नका

आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो. त्यात घर्षणाच्या प्लेटा व स्टीलच्या प्लेटा एकाआड एक बसवलेल्या असतात आणि स्प्रिंगा त्यांना एकमेकींवर दाबून धरतात. लिव्हर ओढला की प्रेशर प्लेट थोडीशी उचलली जाते, प्लेटा मोकळ्या होतात व इंजिनाची ताकद गिअरबॉक्सपर्यंत पोहोचत नाही. ही उचल जेमतेम एकदोन मिलिमीटरची असते. तेवढी मिळाली नाही की क्लच सुटत नाही.

प्लेटा झिजल्या तर क्लच घसरतो, म्हणजे इंजिन रेस होते पण गाडी जोर धरत नाही. क्लच न सुटणे हा याच्या नेमका उलट दोष आहे. त्यामुळे गाडी ओढत असेल तर केवळ 'प्लेटा झिजल्या' हे कारण सहसा पटण्यासारखे नसते.

आधी खात्री करा

इंजिन बंद ठेवून गाडी डबल स्टँडवर घ्या. गिअर टाका, क्लच पूर्ण दाबा व मागचे चाक हाताने फिरवा. चाक फिरले तर क्लच सुटतो आहे. गार इंजिनात ऑइल घट्ट असते, त्यामुळे थोडे जड लागेल, तो दोष नव्हे. तसेच इंजिन चालू असताना न्यूट्रलमध्येही मागचे चाक हळू फिरताना दिसले तर घाबरू नका; ते ऑइलच्या ओढीने फिरते. मात्र इंजिन चालू असताना चाकाला किंवा चेनला हात लावू नये. चेनमध्ये बोट गेले तर भरपाई नाही.

बाहेरून आत असे जा

पहिली पाहणी लिव्हरची व वायरीची. लिव्हरच्या टोकाला किती ढील आहे ते मोजा. होंडा घडणीच्या अनेक 100 सीसी गाड्यांत ती 10 ते 20 मिलिमीटर लागते. इतर गाड्यांचे माप त्यांच्या पुस्तिकेत पाहावे. ढील जास्त झाली की लिव्हरची ओढ वाया जाते व क्लच सुटत नाही. ढील मुळीच ठेवली नाही तर क्लच घसरून प्लेटा जळतात. लिव्हरच्या बोल्टाचे भोक झिजले आहे काय, वायरीचे तंतू तुटले आहेत काय, बाहेरचे आवरण दबले आहे काय, हेही पाहा. आता एकाने लिव्हर ओढावा व दुसऱ्याने इंजिनावरचा क्लचचा हात पाहावा. लिव्हर पूर्ण आला तरी तो हात नीट हलत नसेल, तर दोष अद्याप बाहेरच आहे.

दुसरी पाहणी आतल्या अॅडजस्टरची. जुन्या बुलेटसारख्या गाड्यांत गिअरबॉक्सच्या शाफ्टमधून पुश रॉड जातो. त्याची टोके झिजली की उचल कमी पडते. अशा वेळी वायर कितीही ताणली तरी उपयोग नाही.

तिसरी पाहणी ऑइलची. ते जळून घट्ट झाले असेल किंवा चुकीच्या ग्रेडचे असेल तर प्लेटा एकमेकींना चिकटून राहतात. डब्यावर जासो एमए असा शिक्का असलेले, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचे ऑइल घालावे.

गाडी पुष्कळ दिवस उभी असेल तर प्लेटा नुसत्या चिकटलेल्याही असू शकतात. इंजिन गरम करून बंद करावे, गिअर टाकून क्लच दाबावा व गाडी पुढेमागे हलवावी. जुन्या बुलेटमध्ये न्यूट्रलमध्ये क्लच दाबून चारदोन किका मारल्या तरी प्लेटा सुटतात.

मग साइड कव्हर खोला

एवढे करूनही भागले नाही तर कव्हर खोलावे. स्टीलच्या प्लेटा सपाट काचेवर ठेवून फिलर गेजने तपासाव्यात. वाकलेली प्लेट बदलावी. क्लच ड्रमच्या खाचांत प्लेटांच्या दातांनी खड्डे पाडले असतील तर प्लेटा तेथे अडकतात. बारीक ओरखडे कानशीने हलके साफ करता येतात, पण खोल खड्डे असतील तर ड्रम बदलणेच बरे. सगळ्या स्प्रिंगांची लांबी सारखी असावी, नाहीतर प्रेशर प्लेट तिरकी उचलली जाते. नव्या प्लेटा बसवण्यापूर्वी ऑइलमध्ये भिजवाव्यात. कोरड्या बसवल्या तर त्या चिकटतात. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळावेत.

गाडी रस्त्यातच अडली तर थ्रॉटल सोडा, दोन्ही ब्रेक धरा व चावी बंद करून गाडी बाजूला ढकलत न्या. लिव्हरवर जोर काढत बाजारातून चालवू नका.

कारागीर बंधूंना आमचे एवढेच सांगणे आहे की काढलेला प्रत्येक भाग गिऱ्हाइकाला दाखवा आणि दोष वायरीतच निघाला तर वायरीचेच पैसे घ्या. त्या दिवशी गल्ल्यात थोडे कमी पडेल. पण तोच गिऱ्हाईक पुढच्या वेळी भावाची गाडीही घेऊन येईल.