टीज म्हणजे पिंजणे!



इंग्रजीच्या तासाला फळ्यावर एक वाक्य आले, 'डोन्ट टीज द डॉग.' गुरुजींनी अर्थ सांगितला, 'कुत्र्याला छेडू नका.' शब्द लहान आहे, पण त्याची गोष्ट मोठी आहे.

टीज म्हणजे चिडवणे, छेडणे, खोडी काढणे. शेवटचा ज 'जग' मधल्यासारखा म्हणावा, 'जीव' मधल्यासारखा नाही. वाक्यात तो असा वापरतात :

१) डोन्ट टीज मी. – मला चिडवू नको.
२) ही टीजेस हिज सिस्टर. – तो आपल्या बहिणीला चिडवतो.
३) आय वॉज ओन्ली टीजिंग. – मी नुसती गंमत करत होतो.

याच्याजवळचाच दुसरा शब्द अनॉय, म्हणजे वैताग आणणे. रात्री कानाशी डास गुणगुणतो, तो आपल्याला अनॉय करतो. पण तो टीज करत नाही, कारण आपल्याला चिडवावे असे काही त्याच्या मनात नसते. टीज करणारा मात्र जाणूनबुजून करतो.

आता गंमत ऐका. हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत याचा अर्थ चिडवणे नव्हताच! लोकर ओढून ओढून तिचे तंतू मोकळे करणे, म्हणजे पिंजणे, हा त्याचा अर्थ. तिकडे लोकर, आपल्याकडे कापूस. पिंजारी कमानीच्या तातीवर ठोके मारतो आणि कापसाचा तंतू न् तंतू सुटा होतो, तसेच ते. इ. स. १६०० नंतर हा शब्द माणसालाही लागू झाला. थोडे थोडे ओढून, टोचून एखाद्याचे मन विस्कटून टाकणे म्हणजे टीज.

हे मला नीट कळले ते माझ्याच चुकीमुळे. आमच्या वर्गातला एक मुलगा वेचणीच्या दिवसांत सकाळी रानात जाऊन मग शाळेत यायचा. त्याच्या केसांत कापूस अडकलेला असायचा. मी त्याला 'सरकी' म्हणालो. सगळे हसले, तोही हसला. मग रोजच चालू झाले, 'ए सरकी, इकडं ये!' आठवडाभराने तो शाळेत येईना. मी घरी गेलो, तर त्याची आई म्हणाली, "काय झालं रे बाबा, शाळेचं नावच काढू देत नाही." मी तर 'ओन्ली टीजिंग' करत होतो! तिथेच त्याची माफी मागितली. तो यायला लागला, पण माझ्या शेजारी बसायला त्याला पुष्कळ दिवस लागले.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ साली एक कलम घातले गेले. प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्यांना चिडवायला त्याने मनाई आहे, आणि इंग्रजीत तिथे हाच टीज शब्द आहे. पिंजऱ्यातल्या वाघाला चिडवू नये म्हणून कायदा आहे, मग शेजारी बसणाऱ्या सोबत्याला का चिडवावे?

तेव्हा मित्रांनो, समोरचा हसतो एवढ्यावर जाऊ नका. त्याचे तोंड बघा आणि वेळीच थांबा. पालकांनीही घरी एकदा विचारावे, "बाळ, शाळेत तुला काय म्हणून हाक मारतात?"

– इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी